कालव्यावर, नावेत, उन्हाळ्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्यावर ५७ फुटी नॅरोबोटीत राहतो. आठवडाभराच्या सुट्टीसाठी भाड्याने घेतलेली नाव नव्हे, हेच आमचं घर. लग्नकार्यात, फोनवर, ओळखीच्यांच्या ओळखीतून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. बहुतेक सगळं उन्हाळ्याबद्दल आहे, कारण ‘आम्हालाही असं शांत राहायचंय’ हे सगळ्यांना जूनमध्येच वाटतं. जानेवारीत अजून कुणी विचारलेलं नाही.

कालवा म्हणजे आपल्या मुठा कालव्यासारखा का?

नाही. खडकवासल्याहून निघणारा कालवा पाणी पोचवण्यासाठी आहे, तो वाहतो. इथले कालवे मालवाहतुकीसाठी खणलेले. त्यातलं पाणी जवळजवळ उभंच असतं. आमचा कालवा जॉन रेनी या इंजिनिअरने आखला, १८१० मध्ये तो सलग पुरा झाला. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत नद्यांचे तुकडे धरून ८७ मैल. पुढे रेल्वे आली आणि १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनेच कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हाती दुकान गेल्यावर त्याचं जे होतं तेच झालं. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो बऱ्याच ठिकाणी गाळाने भरला होता. स्वयंसेवकांनी अनेक वर्षं खपून तो जागा केला आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते पुन्हा सुरू झाला.

काठाने एक वाट जाते, तिला टोपाथ म्हणतात. पूर्वी त्या वाटेने घोडा चालायचा आणि दोराने नाव ओढायचा. आता कुत्री फिरवणारे, सायकलवाले आणि आम्ही.

नॅरोबोट इतकी अरुंद का? त्यात फिरता तरी येतं का?

रुंदी ६ फूट १० इंच. देशातल्या अरुंद कालव्यांची लॉक साधारण ७ फुटी आहेत, त्यात बसायचं तर नाव अशीच हवी. (लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेतात.) आमच्या कालव्यावरची लॉक रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. पण ५७ फुटांत राहिलं की बहुतेक सगळं जाळं मोकळं राहतं. आत म्हणाल तर चाळीतली एक खोली लांब ओढल्यासारखी. एकाने ताट नेताना दुसऱ्याने पोट आत घ्यायचं.

मूरिंग म्हणजे काय?

नाव बांधून थांबण्याची जागा. कायमची, पैसे भरून घेतलेली जागा असते, मरीनात किंवा काठावर. नाहीतर टोपाथच्या बाजूला, जिथे मनाई नाही तिथे बांधायचं. आम्ही दुसऱ्या जातीचे. आमच्यासारख्यांना कंटिन्युअस क्रूझर म्हणतात, म्हणजे ज्यांना ठरलेलं मूरिंग नाही आणि ज्यांनी हलत राहायचं अशा बोलीचा परवाना घेतलाय.

लॉकच्या तोंडाशी, पुलाखाली, वळणावर, नावा वळवण्यासाठी केलेल्या रुंद जागेत आणि पाण्याच्या नळासमोर मुक्काम ठोकायचा नसतो. नळासमोर बांधून चहा पीत बसलेला माणूस कालव्यावर सर्वांत लवकर बदनाम होतो.

एका जागी किती दिवस राहता येतं?

१४ दिवस. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यात हे लिहिलेलं आहे. ठरलेलं मूरिंग नसेल तर एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, परिस्थितीनुसार वाजवी असेल तर जास्त. इंजिन बिघडलं, आजारपण आलं, पुढचा कालवा बंद असला, तर कळवायचं आणि मुदत मागायची. २०१२ पासून कालव्यांचा कारभार कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था पाहते. त्यांची माणसं टोपाथने फिरून नावांचे नंबर टिपतात. गावातल्या सोयीच्या धक्क्यांवर मुदत याहून कमी असते, २४ तास, ४८ तास, तशी पाटी असते.

‘ठिकाण’ म्हणजे किती मैल हे कायद्याने सांगितलेलं नाही, आणि त्यावरचे वाद कालव्याइतकेच लांब आहेत. ५० फूट पुढे सरकून ‘हललो’ म्हणणारे असतात. आम्ही तो खेळ खेळत नाही. त्याचं कारण तत्त्वनिष्ठा नाही, पाणी आहे. तो प्रश्न खाली आहे.

मग उन्हाळ्यासाठी जागा कोणती?

आमचं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे: लाँग पाउंड. दोन लॉकांमधल्या पाण्याच्या सपाट तुकड्याला पाउंड म्हणतात. विल्टशरमध्ये वूटन रिव्हर्सपासून डिव्हायझेसपर्यंत १५ मैल एकही लॉक नाही, म्हणून हा लाँग पाउंड. दक्षिणेला सॉल्सबरीचं पठार, उत्तरेला खडूच्या बोडक्या टेकड्या आणि मधल्या प्यूझी खोऱ्यातून कालवा वळणं घेत जातो. वाटेत विलकॉट गावाजवळ लेडीज ब्रिज नावाचा नक्षीदार पूल आहे, १८०८ चा. जमिनीची मालकीण लेडी सुझॅना रॉटन हिने आपल्या जागेतून कालवा जाऊ देताना अट घातली: पूल देखणा हवा, पाणी तळ्यासारखं रुंद दिसलं पाहिजे, वर रोख पैसे. तिला तिन्ही मिळालं. भूसंपादनात असं वाजवून घेणारी बाई पाहिली की मला फार बरं वाटतं.

पुढे हनीस्ट्रीट. तिथून उत्तरेच्या टेकडीवर १८१२ मध्ये गवत खरवडून काढलेला पांढरा घोडा दिसतो.

लॉक नसण्याचा फायदा नुसता आवाजाचा नाही. दोन लॉकांमधल्या आखूड पाउंडात रात्री कुणी झडप नीट बंद केली नाही, तर सकाळी पाणी उतरलेलं आणि तुमची नाव गाळावर कलंडलेली असते. चहाचा कप आपोआप सरकायला लागला की समजायचं. १५ मैलांच्या पाण्यात असा चढउतार फारसा जाणवत नाही.

बाथ आणि ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनकडचा पश्चिमेचा भाग देखणा आहे, पण तिथे नावेला नाव लागलेली असते. डिव्हायझेस उतरून तिकडे जायचं म्हणजे २९ लॉक. त्यातली १६ तर एका ओळीत, केन हिलच्या उतारावर जिन्यासारखी. एक दिवस त्यातच जातो आणि दुसऱ्या दिवशी हात वर जात नाहीत.

खरंच शांत असतं का?

गाड्यांचा गोंगाट नसतो, एवढं खरं. बाकी ऐका. सॉल्सबरीच्या पठारावर लष्कराचं सरावाचं मोठं क्षेत्र आहे. तिथे तोफा सुरू झाल्या की खोऱ्यात गडगडाट घुमतो आणि खिडकीची काच थरथरते. पहिल्या उन्हाळ्यात मी दोन वेळा कपडे आत आणले, वळीव आला म्हणून. काही ठिकाणी रेल्वे कालव्याला खेटून जाते आणि रात्री दगडाच्या मालगाड्या धडधडतात. पहाटे चारला बदकं नावेच्या बुडाला धरलेलं शेवाळ खायला येतात. पोलादावर चोच आपटते टक टक टक, बरोबर उशीच्या उंचीवर. आणि जूनमध्ये पावणेपाचला ऊनच येतं.

माणसांचा आवाज मात्र कमी. इंजिन किंवा जनरेटर रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात शेजाऱ्याला ऐकू जाईल असा चालवायचा नाही, ही परवान्याचीच अट आहे. जुलैच्या अखेरीस शाळांना सुट्ट्या लागल्या की भाड्याच्या नावा वाढतात. वेगमर्यादा ताशी ४ मैल, आणि बांधलेल्या नावेजवळून जाताना त्याहूनही हळू जायचं. एखादा सुसाट गेला की आपली नाव दोर ताणून झोके खाते आणि फोडणीचं तेल कढईच्या काठाला येतं. तेव्हा खिडकीतून डोकं काढून ‘स्लो डाउन’ ओरडायची प्रथा आहे. मी मराठीत ओरडते. आवाजावरून अर्थ कळतो.

संध्याकाळी आठनंतर मात्र खंड्या, राखी बगळा, पिल्लांची माळ घेऊन फिरणारी पाणकोंबडी, आणि साडेनऊपर्यंत उजेड. त्या दीड तासासाठी बाकीचं सगळं चालवून घेते.

पोलादाची नाव म्हणजे तापत नाही?

तापते. छताचा पत्रा साधारण ४ मिलीमीटरचा, आतून फोमचा थर असतो, तरी दुपारी छतावर अनवाणी पाय ठेवून बघा. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमध्ये ४०.३ अंश नोंदले गेले, इंग्लंडात पहिल्यांदा चाळिशी ओलांडली. आमच्याकडे त्याहून कमी होतं, तरी त्या दिवशी आम्ही नावेच्या तळाशी लादीवर आडवे पडून होतो. पाण्याखालचा भाग गार राहतो, त्यामुळे जमिनीवर झोपणं हाच एसी.

सावलीत बांधायचं म्हणावं तर सोलर पॅनल मरतात. उन्हात बांधलं तर आपण मरतो. आमची तडजोड अशी की दुपारनंतर सावली देणारी झाडं बघायची, म्हणजे सकाळभर वीज भरून घेता येते. झाडाखाली थेट नको, छतावर चिकट रस टपकतो, शिवाय पक्षी. खिडक्यांना बाहेरून चंदेरी पडदे लावायचे, आतून लावून उपयोग नाही. दोन्ही टोकांची दारं उघडली की वारं आरपार जातं, जुन्या वाड्यात पुढचं-मागचं दार उघडतात तसं. डासांची जाळी आधी लावा, मग दार उघडा.

पाणी आणि संडास? (हे सगळे शेवटी आणि हळू आवाजात विचारतात.)

हाच मुख्य प्रश्न आहे. शांत जागा किती दिवस शांत राहील हे १४ दिवसांचा कायदा ठरवत नाही, संडासाची कॅसेट ठरवते.

आमची पाण्याची टाकी ५०० लिटरची. भारतात शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने आमची टाकी दोन दिवसांत कोरडी. आम्ही दोघं मिळून ६० लिटरांत भागवतो, म्हणजे आठ दिवस. आंघोळ बादलीची, भांडी आधी पुसून मग विसळायची. दुष्काळी गावातल्या माझ्या आजीला हे काहीच वाटलं नसतं.

कॅसेट म्हणजे चाकं असलेली, २० लिटरच्या आसपासची बंद टाकी. दोघांना एक कॅसेट तीन दिवस पुरते. आमच्याकडे तीन आहेत, म्हणजे नऊ दिवस, पाहुणे आले तर पाच. ती रिकामी करायला ठरावीक जागा असतात, एल्सन पॉइंट म्हणतात, ट्रस्टची किल्ली लावून उघडायच्या. आत एक मोठं बेसिन आणि नळ. श्वास रोखून ओतायचं, धुवायचं, हात दोनदा साबणाने धुवायचे आणि नळ ज्याने त्याने नंतर पुसायचा. काहींकडे कोरडा, मूत्र वेगळं करणारा संडास असतो. त्यांना वाटतं आपण सुटलो. पण घन भागाचं काय करायचं हा त्यांचा वेगळा महाभारताचा पर्व आहे.

म्हणून आठव्या-नवव्या दिवशी आम्ही दोर सोडतो. पाणी भरतो, कॅसेट ओततो, कचरा टाकतो आणि पुढे जातो. निवांत मुक्काम शोधताना लोक नकाशावर झाडी बघतात. मी आधी नळाची खूण बघते आणि तिथून एक-दोन तासांच्या अंतरावरची जागा धरते. फार जवळ घेतली तर वर्दळ, फार लांब घेतली तर चौथ्या दिवसापासून डोक्यात कॅसेट.

वीज कुठून?

उन्हाळ्यात सूर्यापासून. इथे जूनमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजावर ६२ अंश चढतो, डिसेंबरात जेमतेम १५. त्यामुळे छतावरच्या तीन पॅनलवर जूनमध्ये फ्रिज, दिवे, दोन लॅपटॉप, राउटर सगळं चालतं आणि दुपारी वीज उरते. ती उरली की मिक्सर लावायचा, चटण्या-वाटणं तेव्हाच. हिवाळ्यात इंजिन चालवावं लागतं, पण हिवाळ्याचं इथे नको.

नाव बांधायची कशी?

काठाला पत्र्याची तटबंदी असेल तर त्यात हुक अडकतात, सोपं. नुसती मातीची कड असेल तर लोखंडी मेखा ठोकायच्या. एकेका टोकाला दोन मेखा एकमेकींना छेदून फुलीसारख्या, दोर नावेपासून तिरका नेलेला. सरळ काटकोनात बांधला तर प्रत्येक जाणारी नाव तुमची नाव पुढे-मागे हिसडते. उन्हाळ्यात दोन अडचणी येतात. कोरड्या महिन्यात जमीन दगड होते, मेख वाकते. मग एक जोरदार सर आली की तीच जमीन लोणी होते आणि मेख हाताने उपसून येते. मेखेवर पांढरी पिशवी किंवा जुना टेनिसचा चेंडू लावा, नाहीतर अंधारात सायकलवाला आपटेल.

लाँग पाउंडची एक खोडही सांगते: काठ उथळ आहे. नाव दोन-अडीच फूट पाण्यात बुडालेली असते आणि काठाजवळ तेवढं पाणीच नसतं. त्यामुळे ती काठाला लागत नाही, चार फूट अलीकडेच रुतते. मग फळी टाकून ये-जा. म्हणून इथले जुने लोक नावेच्या बाजूला हातगाडीची हवेची चाकं टांगतात, त्यांनी नाव पाण्याखालच्या उतारापासून दूर राहते आणि रात्रभर ठक ठक होत नाही. आम्ही ती पहिल्या आठवड्यातच घेतली. आई आली तेव्हा फळीवरून साडी सावरत आली आणि म्हणाली, बोरघाट बरा.

पाऊसच पडला नाही तर?

तर शांतता सक्तीची होते. कालव्याला पाणी लागतं, आणि लॉकमधून जाणारी प्रत्येक नाव वरचं पाणी खाली नेते. २०२५ च्या कोरड्या वसंत-उन्हाळ्यात उत्तरेकडच्या लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचे मोठे भाग बंद करावे लागले, इतर कालव्यांवरही लॉक बंद झाली. आमच्या कालव्याच्या माथ्याला क्रॉफ्टनचे पंप पाणी देतात. तिथलं १८१२ चं बोल्टन अँड वॉट कंपनीचं वाफेचं इंजिन अजून आपल्या मूळ जागी चालतं. रोजचं काम आता विजेचे पंप करतात, वाफेचं ठरावीक दिवशी पेटवतात. केन हिलच्या पायथ्याशी १९९६ मध्ये बसवलेला पंप आहे, दिवसाला ३ कोटी २० लाख लिटर पाणी परत वर चढवू शकतो. तरीही निघण्यापूर्वी ट्रस्टच्या सूचना वाचायच्या. बंद लॉकच्या चुकीच्या बाजूला अडकलेल्या ओळखीच्या जोडप्याने एक अख्खा उन्हाळा एका नळाच्या आसपास काढला.

पोहता येतं का? मुलांना आणलं तर?

पोहू नका. उथळ, गाळ, तळाशी सायकलीपासून काहीही. शिवाय लेप्टो. मुंबईकरांना पुराच्या पाण्यातला लेप्टो माहीत आहे, तोच, उंदरांच्या मूत्रातून. पाण्यात हात गेला की जेवणाआधी धुवायचा, जखमेवर पट्टी.

लहान मुलांना डेकवर लाइफ जॅकेट, वाद नको. आणि शेगडी किंवा बार्बेक्यू विझलाय असं वाटला तरी आत आणायचा नाही. त्याच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेत गेली आहेत. राहत्या नावेत त्याचा अलार्म २०१९ पासून बंधनकारक आहे.

फोडणी, मासे, वाळवणं?

फोडणी झरोका उघडून, शेजारी कोण आहे ते बघून. बहुतेक शेजारी वास आला की दार वाजवतात, तक्रारीसाठी नव्हे. वाळवणाला नावेच्या छतासारखी जागा नाही: तापलेला पत्रा, धूळ नाही, चौफेर ऊन. साबुदाण्याच्या पापड्या दोन दिवसांत कडकडीत. राखण मात्र बसून करावी लागते. एकदा मी चहा आणायला आत गेले आणि हंसाने मान लांब करून कडेची ओळ साफ केली. त्याला काठी दाखवून काही होत नाही, तो उलट अंगावर येतो.

गणपती बसवता का? विसर्जन कालव्यात?

बसवतो, दीड दिवसाचा, शाडूचा. विसर्जन बादलीत. उभ्या, उथळ पाण्यात मूर्ती टाकणं बरोबर नाही. टोपाथवर आरती, बादलीत विसर्जन आणि विरघळलेली माती छतावरच्या तुळशीला. तुळस जून ते सप्टेंबर बाहेर तग धरते, नंतर खिडकीत. मागच्या खेपेला आरतीला दोन सायकलवाले आणि एक कुत्रा थांबला. मोदक तिघांनी खाल्ले.

पत्ता काय देता? डॉक्टरचं काय?

टपाल रेडिंगच्या मित्राकडे. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा नसला तरी इंग्लंडात नकार देता येत नाही, पण समोरच्या खिडकीवर हे शांतपणे दोनदा सांगावं लागतं.

स्वस्त पडतं का?

लंडनच्या भाड्यापेक्षा, हो. बाकी समजता तितकं नाही. परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र, बुडाला काळा रंग द्यायला नाव पाण्याबाहेर काढणं. आमच्यासारख्या बिनमूरिंगच्यांना एप्रिल २०२४ पासून परवान्यावर जादा आकार आहे, ५ टक्क्यांपासून सुरू होऊन २०२८ पर्यंत २५ टक्के होणार आहे. नाव विकत घेण्याआधी एक आठवडा भाड्याने घ्या, तोही पावसाचा.

भेटायला यायचंय. कसं यायचं?

लंडन पॅडिंग्टनहून प्यूझीची गाडी धरा, सव्वा तासाच्या आत पोचता. निघण्याआधी फोन करा, कारण मागच्या वेळी सांगितलेल्या पुलाजवळ आम्ही बहुधा नसू. पायात पूर्ण बूट आणि लांब पँट घाला. टोपाथच्या कडेला नेटल माजलेलं असतं, पोटरीला लागलं की खाजकुइलीची आठवण येते. तूरडाळ आणा, इथल्या गावात मिळत नाही. आणि स्टेशनवरचा संडास वापरून या.